पुढची पडवी खिडक्या लावून बंद करायची आहे: सरकत्या की बिजागरीच्या? अॅल्युमिनियम, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) की लाकूड?

माडाची_बाग | ४ फेब्रुवारी, रात्री ९.१०

घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), छप्पर मंगलोरी कौलांचं. पुढची पडवी १८ फूट लांब, ८ फूट रुंद, तोंड पश्चिमेला. समोर चिऱ्याचे चार खांब, मध्ये पायऱ्यांसाठी ४ फूट मोकळे आणि त्याच्या दोन्ही अंगांना ५ फुटी गाळा. दक्षिण आणि उत्तर बाजूलाही एकेक ५ फुटी गाळा. कट्टा अडीच फूट उंच, त्यावर तुळईच्या तळापर्यंत ४ फूट मोकळे. म्हणजे ५ बाय ४ चे चार गाळे आणि एक दार.

पावसाळ्यात झड थेट माजघराच्या दारापर्यंत येते. दरवर्षी झापं बांधायला आता माणूस मिळत नाही. दोन फॅब्रिकेटर येऊन गेले. एक म्हणतो थ्री ट्रॅक सरकत्या खिडक्या लावा, दुसरा म्हणतो यूपीव्हीसीशिवाय काही टिकणार नाही. जमीन लाल कोब्याची आहे, तिला भेगा गेल्यात, तेही काम सोबत उरकायचं आहे. झोपाळा ठेवायचाच आहे. काय करावं?

---

वळचण | ४ फेब्रुवारी, रात्री १०.०२

खिडकीची जात नंतर ठरवा. आधी दोन मापं सांगा: समोरचं छप्पर तुळईच्या पुढे किती आलंय आणि उतार किती अंशांचा आहे? त्यावर झडपा बाहेर उघडणार की नाही ते ठरेल. बहुतेक फॅब्रिकेटर गाळ्याचं माप घेतात आणि वर बघत नाहीत.

---

माडाची_बाग | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

वळचण २ फूट बाहेर आहे. उतार साधारण ३० अंश. तुळई ४ इंच जाड, वासे तिच्यावर टेकलेत.

---

वळचण | ५ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

मग हिशेब सोपा आहे. जमिनीपासून तुळईचा तळ साडेसहा फूट, वाशांचा तळ भिंतीच्या रेषेत सुमारे ६ फूट १० इंच. ३० अंशांना छप्पर फुटामागे ७ इंच उतरतं. म्हणजे २ फूट पुढे, पागोळ्या पडतात तिथे, वाशाचा तळ ५ फूट ८ इंचांवर आला. पूर्ण ४ फूट उंचीची झडप बाहेर उघडलीत तर तिची वरची कड पाऊण फुटातच वाशाला ठोकणार. झडप अर्धवट उघडी राहील आणि पहिल्या वाऱ्यात कौल हलवेल.

उपाय दोन. एक, सरकती खिडकी. दुसरा, गाळ्याचा वरचा १ फूट वेगळा काढायचा आणि खाली ३ फुटांच्याच झडपा ठेवायच्या. त्यांची वरची कड साडेपाच फुटांवर येते. चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून ५ इंच आत बसवली आणि गाळ्याला अडीच फुटी दोन झडपांऐवजी १५ इंची चार केल्या, दुमडून उघडणाऱ्या, तर पाखाखाली आरामात फिरतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत चौझडपी खिडक्या उगाच नव्हत्या.

बाजूच्या गाळ्यांना ही अडचण नाही. तिथे पाखं समोर उतरत नाही, पूर्ण ४ फुटी झडप चालेल.

---

काचकाम | ५ फेब्रुवारी, दुपारी १.१५

मी सरकत्या खिडक्यांच्या बाजूचा नाही, पण त्यांच्यावर उगाच आरोप नको. जागा खात नाहीत, झोपाळ्याला आडव्या येत नाहीत, जाळी त्याच चौकटीत बसते. दोष असा की उघडून फक्त अर्धाच गाळा मोकळा होतो.

राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण दमट हवामानासाठी उघडणारं क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश धरलंय. पडवी १४४ चौरस फूट, म्हणजे २४. सरकत्या खिडक्यांत चार गाळ्यांचे ८० पैकी ४० मोकळे होतात, वरवर भरपूर वाटतं. पण माजघराला हवा कुठून येते? पडवीतूनच. माजघर समजा १२ बाय १४ आहे. ते १६८ धरले की एकूण ३१२, एक षष्ठांश झाला ५२. चाळीस पुरत नाहीत. वळचण यांनी सांगितल्याप्रमाणे केलं तर समोर १५ अधिक १५, बाजूंना २० अधिक २०, एकूण ७०. पडवी बंद केली की माजघर कुबट होतं आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, त्याचं कारण हेच. खिडकी पडवीची, पण श्वास आतल्या खोलीचा कोंडतो.

---

गुण्या_ओळंबा | ५ फेब्रुवारी, रात्री ९.५०

अॅल्युमिनियम की यूपीव्हीसी यावर पानंच्या पानं भरतील. गळतीच्या तक्रारी मात्र बहुतेक वेळा खिडकीच्या नसतात, कट्ट्याच्या असतात. म्हणून आधी कट्टा.

चिरा पाणी पितो. खिडकीखालची भिंत आतून ओली झाली की सगळे सिलिकॉनची ट्यूब घेऊन धावतात, आणि पाणी चिऱ्याच्या सांध्यांतून येत असतं. क्रम असा ठेवा:

१. कट्ट्याचा वरचा थर सुटा झाला असेल तर काढा. त्यावर १:२:४ चा (सिमेंट, वाळू, खडी) ३ इंच काँक्रीटचा पट्टा ओता, आत ८ मिमीच्या दोन सळ्या. हा पट्टा दोन कामं करतो: पाणी अडवतो आणि चौकटीच्या स्क्रूला पकड देतो. नुसत्या चिऱ्यात एक्स्पान्शन बोल्ट मारला की चिरा कडेने फुटतो.

२. पट्टा ७ दिवस पाण्यावर ठेवा. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. दोन्ही अंगांच्या खांबांवर ६ इंच वर चढवा. कोपरा सुटला की सगळं वाया.

३. त्यावर कडाप्पा किंवा ग्रॅनाइट, पण दोन तुकड्यांत. बाहेरचा तुकडा बाहेर उतरता, ९ इंची भिंतीला साधारण २० मिमी उतार. आतला तुकडा सपाट आणि बाहेरच्यापेक्षा १२ ते १५ मिमी वर. चौकट बाहेरच्या तुकड्यावर ठेवून आतल्याच्या कडेला टेकवायची. मग चौकटीखाली पाणी शिरलं तरी त्याला पायरी चढून आत येता येत नाही.

४. बाहेरचा तुकडा भिंतीपुढे दीड इंच काढा आणि त्याच्या तळाला, कडेपासून १५ ते २० मिमी आत, ग्राइंडरने लांबभर खाच मारा. खाच नसली तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून परत भिंतीवर येतं. हे काम दगड बसवण्याआधी जमिनीवर उलटा ठेवून करायचं. बसवल्यावर मिस्त्री "होईल हो" म्हणतो आणि होत नाही.

---

सुताराचा_रंधा | ६ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

समोरचे गाळे वळचणीखाली आहेत, तिथे लाकूड उत्तम. सागवान सुकलेला घ्या, जुन्या घराचा मिळाला तर सोनंच. झडपा उन्हाळ्यात करून घेत असाल तर दोन झडपांमध्ये आणि चौकटीशी ३ मिमी जागा सोडा. मे महिन्यात घट्ट बसलेली झडप आषाढात फुगून उघडत नाही, मग घरातला कोणीतरी तिला रंधा मारतो आणि दिवाळीला फट दिसते.

खालच्या आडव्या पट्टीला बाहेरून उतार आणि तळाला खाच, वर दगडाला सांगितली तशीच. बिजागऱ्या पितळी, स्क्रूही पितळी. लोखंडी स्क्रूने सागाला काळे डाग पडतात.

चौकट चिऱ्याला भिडते त्या मागच्या बाजूला रंग किंवा बिट्युमेनचा हात बसवण्याआधी द्या. वाळवी तिथूनच येते, समोरून येत नाही.

---

माडाची_बाग | ६ फेब्रुवारी, रात्री ८.२०

फारच उपयोगी. पण दक्षिणेच्या गाळ्यावर वळचण जेमतेम ९ इंच आहे, झड तिथूनच सगळ्यात जोरात येते. तिथेही लाकूडच?

---

काचकाम | ६ फेब्रुवारी, रात्री ९.३५

तिथे नाही. आणि तिथे सरकती तर मुळीच नाही. कारण सांगतो, कारण हे गणित कोणी दाखवत नाही.

सरकत्या खिडकीत पाऊस ट्रॅकमध्ये येतोच, तसं ती बनवलेलीच असते. आलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं अशी योजना. पण वारा बाहेरून दाबत असतो. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये साधारण ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंद. ट्रॅकची आतली भिंत ३० मिमी उंच असेल तर ती ३० मिमी पाणी तोलते, म्हणजे सुमारे २९४ पास्कल. हा दाब २२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ८० किमीच्या झोताला येतो. त्यापुढे पाणी बाहेर जाण्याऐवजी भोकांतून उलटं वर येतं आणि ट्रॅक भरून घरात सांडतं. लोक म्हणतात "खिडकीतून पाणी उकळत होतं", ते हेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० किमीच्या आसपास होता. ११० ला दाब ५६० पास्कल, म्हणजे ५७ मिमी पाणी. बाजारातल्या साध्या ट्रॅकला एवढी उंची नसते.

बिजागरीची खिडकी गॅस्केटवर (कडेच्या मऊ पट्टीवर) दाबून बसते. वारा बाहेर उघडणाऱ्या झडपेला आणखी घट्ट दाबतो. म्हणून दक्षिणेला बाहेर उघडणारी, वर-खाली आणि मध्ये अशी तीन ठिकाणी अडकणारी कडी असलेली, गॅस्केट ईपीडीएम रबराचं. पीव्हीसीचं गॅस्केट उन्हाने कडक होऊन आकसतं आणि कोपऱ्यात उघडं पडतं.

---

घाटावरून | ७ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

दक्षिणेला यूपीव्हीसी का नको? खारी हवा त्याला काही करत नाही.

---

काचकाम | ७ फेब्रुवारी, सकाळी ११.२५

प्लास्टिकला करत नाही, आतल्या लोखंडाला करते. यूपीव्हीसीच्या पोकळीत मजबुतीसाठी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नळी असते, ती कापली की कापलेल्या तोंडावर जस्त उरत नाही. शिवाय पाण्याची भोकं पुढच्या, निचऱ्याच्या कप्प्यातच पाडायची असतात. घाईत ड्रिल खोल गेलं की ते लोखंडाच्या कप्प्यात जातं आणि पुढे चौकटीतून तांबडं पाणी येऊ लागतं. काम घेणाऱ्याला विचारा: लोखंड किती मिमीचं, कापलेल्या तोंडांना झिंकचा रंग लावता का, कोपरे वेल्ड करता की स्क्रू मारता? तीन उत्तरं नीट आली तर यूपीव्हीसी घ्यायला हरकत नाही. रंग पांढराच. गडद रंगाचा पश्चिमेच्या उन्हात फार तापतो. मीटरमागे अंशाला ०.०७ मिमीच्या आसपास तो प्रसरण पावतो. दीड मीटरच्या चौकटीत ३० अंशांच्या फरकाला ३ मिमी. म्हणून चारी बाजूंना ५ मिमी जागा हवीच.

---

गुण्या_ओळंबा | ७ फेब्रुवारी, दुपारी ३.००

मी दक्षिणेला अॅल्युमिनियमच म्हणेन. पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन, आणि मायक्रॉन मोजायचं यंत्र फॅब्रिकेटरकडे असतं, समोर मोजून घ्या. जिथे जिथे कापलंय तिथे कोटिंग नसतं, पांढरी भुकटी तिथूनच सुरू होते. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. ३०४ दोन किलोमीटरवर तग धरतो पण डागाळतो. साधे लोखंडी सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारलेत तर दोन पावसाळ्यांत त्यांच्याभोवती अॅल्युमिनियम फुगतं. पाकिटावरचा नंबर स्वतः वाचा, चुंबकावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक. चौकटीवरची संरक्षक टेप गिलावा आणि रंग होईपर्यंत काढू देऊ नका. ओल्या सिमेंटचा क्षार कोटिंगला कायमचा डाग पाडतो. पण वर्षभर ठेवूही नका, उन्हात ती चिकटून बसते.

---

घाटावरून | ७ फेब्रुवारी, दुपारी ४.४५

दोघांचं ऐकून मला तरी वाटतं की चांगला कारागीर ज्यात हात बसलेला आहे ते घ्यावं. तालुक्याला यूपीव्हीसीचा वेल्डिंगवाला नसेल तर दुरुस्तीला कोण येणार?

---

गुण्या_ओळंबा | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

मान्य. आता बसवण्याचं.

माप: रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, सगळ्यात लहान धरा आणि त्यातून १० मिमी वजा. दोन्ही कर्ण मोजा. चिऱ्याच्या गाळ्यात कर्णांचा फरक २० मिमीसुद्धा निघतो. तो गिलाव्यात सुधारायचा, चौकट वाकडी करून नाही. चौकट गुण्यात नसेल तर कडी लागत नाही आणि मग फॅब्रिकेटर कडीच घासतो.

स्क्रू: कोपऱ्यापासून ६ इंचांवर पहिला, पुढे २ फुटांच्या आत एकेक. खांबाच्या चिऱ्यात लांब नायलॉनच्या प्लगसह ८ बाय १०० मिमी, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून. खालच्या ट्रॅकमध्ये स्क्रू नको. मारावाच लागला तर त्याच्या डोक्यावर सिलिकॉन.

फट: ५ ते ८ मिमी फटीत आधी फोमची दोरी कोंबा, मग बाहेरून न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका. ते सिमेंटला धरत नाही आणि धातूला खातं. दोरी नसली तर सिलिकॉन तिन्ही बाजूंना चिकटतं आणि चौकट हलली की मधून फाटतं.

आणि निचऱ्याची भोकं. ५ फुटी चौकटीला साधारण ५ बाय २५ मिमीची किमान दोन, टोकांपासून ६ इंचांवर. दोनच चुका होतात, पण हमखास होतात: बाहेरून सिलिकॉन मारताना भोकं बुजतात, किंवा दगड भोकांच्या वर येतो. पैसे देण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात बाहेर दगडावर दिसलं पाहिजे.

---

माडाची_बाग | ८ फेब्रुवारी, सकाळी ९.००

काच किती जाडीची? आणि वरच्या एक फुटात काय भरायचं?

---

काचकाम | ८ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

काच मिलिमीटरमागे चौरस मीटरला अडीच किलो. १५ इंच बाय ३ फुटांच्या झडपेत ५ मिमी काच साडेचार किलोच्या आत येते, बिजागरीला काहीच नाही. ताशी ११० किमीच्या वाऱ्यात तिच्यावर २० किलोचा भार येतो. दक्षिणेला अडीच बाय चारची झडप केलीत तर तोच भार ५३ किलो. म्हणून तिथे टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली), ५ किंवा ६ मिमी. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे चौकट बसल्यावर माप देऊन मागवा, आधी नाही.

रिफ्लेक्टिव्ह निळी काच कृपा करून नको. दिवसा माजघर अंधारतं, आणि रात्री दिवा लावला की बाहेरच्याला सगळं दिसतं. आडोसा हवा असेल तर खालचा १ फूट रेघांच्या काचेचा.

---

वळचण | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

वरच्या फुटात काच नको, लाकडी जाफरी. पट्ट्या ४५ अंशांत, एकीची खालची कड दुसरीच्या वरच्या कडेच्या खाली येईल अशा. पाखं समोर असल्याने तिथे झड पोचत नाही. आतून जाळी.

बाजूंना तुळईच्या वर त्रिकोण राहतो तो विसरू नका. ८ फुटांत छप्पर साडेचार फूट चढतं. गरम हवा त्या वरच्या कोपऱ्यात साठते. फॅब्रिकेटर तिथे पत्रा किंवा शीट मारून मोकळा होतो. उत्तरेकडचा त्रिकोण जाफरीचा ठेवा. दक्षिणेकडचा बंद चालेल.

कौल आणि तुळई यांच्यातली फट फोमने भरू नका. ६ मिमी भोकांची वेल्डेड जाळी लावा, उंदीर आणि वटवाघळं थांबतात, हवा जात राहते. वाऱ्याच्या अंगाची एखादी खिडकी वादळात उघडी राहिली तर आत दाब भरतो आणि तो कौलं खालून उचलतो. पहिल्या तीन ओळींतली कौलं तांब्याच्या तारेने रिपांना बांधून घ्या. पडवी मोकळी असते तेव्हा हा दाब समोरून निघून जातो. बंद केलीत की वाट बंद.

---

सुताराचा_रंधा | ८ फेब्रुवारी, रात्री ८.४०

जाळी: झडपा बाहेर उघडतात म्हणून जाळी आतून. घडीची प्लिसे जाळी दिसते छान, पण तिचे दोरे धूळ आणि खारटपणाने अडकतात. साधी लाकडी चौकट, चार खिट्ट्या, पावसाळ्यात काढून ठेवायची. माकडांचा त्रास असेल तर फायबरची जाळी टिकणार नाही, स्टेनलेसची घ्या.

झोपाळा: फळीच्या पुढे-मागे ३ फूट मोकळं हवं. पडवी ८ फूट, फळी दीड फूट, म्हणजे साडेसात लागले. आत उघडणारं काहीही बसत नाही. झोपाळा लांबीच्या दिशेने हलेल असा टांगला तर वेगळी गोष्ट. मग तो दक्षिणेच्या गाळ्याकडे नको, दाराच्या उत्तरेला. कड्या वाशाला नव्हे, दोन भिंतींवर टेकलेल्या स्वतंत्र बहालाला.

---

गुण्या_ओळंबा | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

जमीन: भेगा बुजवत बसू नका. कोबा उखडून पुन्हा करा, बाहेरच्या बाजूला उतार १०० ला १, म्हणजे ८ फुटांत १ इंच. दाराच्या उंबऱ्याशी आडवी पन्हळ आणि तिला बाहेर काढणारा १ इंची पाइप. झड दारातून येणारच. पॉलिश कोटा ओल्या पायाला घसरतो, लावायचाच तर खरखरीत बाजू वर. लाल कोबा पुन्हा जमवणारा माणूस मिळाला तर मात्र दुसरं काही बघू नका.

---

माडाची_बाग | ९ फेब्रुवारी, रात्री ९.१५

ठरलं ते असं: समोर सागाच्या चौझडपी, वर जाफरी. दक्षिणेला अॅल्युमिनियम, बिजागरीची, टफन्ड काच. उत्तरेला लाकूड, दोन झडपा. कट्ट्याचा पट्टा पुढच्या आठवड्यात. दाराची चौकट साडेसहा फुटांची सांगून टाकलीय, सुतार उद्या लाकूड कापतोय.

---

सुताराचा_रंधा | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२२

साडेसहा जुन्या जमिनीपासून की नव्या? कोबा उखडून नवा करताना ३० मिमी मसाला आणि वर फरशी असेल तर १८ मिमी, जवळजवळ २ इंच वर जाता. शिवाय १ इंच उतार, तो दारापाशी खाली.

---

माडाची_बाग | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३१

जुन्या. सुताराला आत्ता फोन करतो.